चारशे बारा नंबरचा कोट

जावईबापूंनी कौटुंबिक बैठक बोलावली म्हणजे निर्णय आधीच झालेला असतो, हे या घराला बावीस वर्षांच्या अनुभवाने पाठ झालं होतं. बैठक फक्त माना डोलावण्यापुरती असे. त्यामुळे रविवारी सकाळी दहा वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून सगळे कटिंगच्या लांब टेबलाभोवती बसले, तेव्हा आत्यांनी पहिल्यांदा विचारलं, "टाळ्या आत्ता वाजवायच्या, की चहा झाल्यावर?"

आत्या म्हणजे या शिंपीदुकानाचे मालक नाना यांची थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी. सारा जन्म कोटांची काजं करण्यात गेला होता आणि जीभही त्याच सुईने घडवली असावी, अशी. जावईबापू हसले. सासुरवाडीत कुणी टोमणा मारला की ते हसत आणि तो लक्षात ठेवत.

टेबलावर खडूच्या रेघांच्या मधोमध दोन कागद ठेवलेले होते. एक जाड, गुळगुळीत, वर सोनेरी किनार. तो जावईबापूंनी आणला होता. दुसरा तुरुंगाच्या कचेरीतून आलेला, पातळ आणि घडीवर फाटायला आलेला. तो सुनेने मधोमध सरकवला होता, आणि जावईबापूंच्या मते तिथेच तिचं चुकलं होतं.

"आधी मोर्चाचं घेऊ," जावईबापू म्हणाले. "पुढच्या रविवारी पुतळ्याचं अनावरण. तिथून पुलापलीकडच्या वस्तीत मूक मोर्चा. समितीची एवढीच विनंती आहे की निमंत्रक म्हणून घरच्यांच्या सह्या असाव्यात. नानांची पहिली."

"मूक मोर्चा," आत्या म्हणाल्या. "मग काचेच्या बाटल्या कशाला गोळा करतायत पोरं?"

"तहान लागते, आत्या."

"आणि त्यात रॉकेल पितात वाटतं."

जावईबापूंचा धंदा मांडव, खुर्च्या आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा. दहा महिन्यांपूर्वी थोरला मेहुणा, नानांचा मोठा मुलगा, बॉम्बस्फोटात गेला, तेव्हापासून ते स्मृती समितीचे सरचिटणीस होते, आणि या दहा महिन्यांत शहरातली एकही शोकसभा त्यांच्या खुर्च्यांवाचून उभी राहिली नव्हती. ते वाईट होते असं नाही. थोरल्याच्या प्रेताजवळ सगळ्यांत मोठ्याने तेच रडले होते. फक्त त्यांचं दुःख स्टेजवर चढलं आणि त्याला माइक सापडला, मग ते खाली उतरायला तयार होईना.

दुसऱ्या कागदाची हकिकत वेगळी होती. बस स्थानकात ज्या पोराने बॉम्ब ठेवला, त्याने गुन्हा कबूल केला होता आणि त्याला जन्मठेप झाली होती. मेलेल्याच्या घरच्यांना हवं असेल आणि कैदी तयार असेल, तर दोघांची एकदा समोरासमोर भेट घालून देण्याची सोय तुरुंगात होती. सुनेने, थोरल्याच्या बायकोने, कुणालाही न विचारता चार महिन्यांपूर्वी अर्ज केला होता. आता उत्तर आलं होतं. पोरगा तयार होता. भेट गुरुवारी. फक्त वडील आणि भावंडं यांच्या संमतीच्या सह्या हव्या होत्या, आणि रक्ताच्या नात्यातलं एक माणूस सोबत. जावयाच्या सहीसाठी त्या कागदावर रेघसुद्धा नव्हती. जावईबापूंनी तो दोनदा उलटून बघितला होता.

"वहिनी, मी स्पष्ट बोलतो," ते म्हणाले. "ज्याने आपल्या माणसाला मारलं, त्याच्याशी गप्पा मारायला जायचं? लोक काय म्हणतील?"

"गप्पा नाही मारायच्या," सून म्हणाली. "एकच विचारायचंय. ते शेवटचं काय बोलले."

"ते त्याला कसं ठाऊक असणार?"

"पटांगणात तोच होता, जबाबात आहे. दुसरं कुणी नव्हतं."

नानांनी हातातल्या खडूचा तुकडा मोडला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही; सुनेच्या आलं.

*

थोरल्याच्या मरणाची शहरात जी गोष्ट सांगितली जाई ती अशी: थोरला गणवेशांचं पार्सल बसने धाडायला स्थानकात गेला. बाकाखाली त्याला संशयास्पद पिशवी दिसली. त्याने क्षणात धोका ओळखला, पिशवी छातीशी धरली आणि भरलेल्या हॉलमधून धावत बाहेरच्या मोकळ्या पटांगणात गेला. साठ-सत्तर माणसं वाचली. पुतळ्यात तो पिशवी डोक्यावर उंच धरून उभा होता. हयातीत त्याने डोक्यावर पिशवी धरली होती ती फक्त कडक उन्हात, पण शिल्पकाराला हे कोण सांगणार?

आत्यांचा या गोष्टीवर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. "माझा भाचा गॅसची शेगडी पेटवताना मागे सरायचा," त्या म्हणत, पण घरात, आणि दार लावून.

कारण एक गोष्ट शहराला ठाऊक नव्हती, घराला ठाऊक होती. ती पिशवी या दुकानाची होती. नानांच्या वडिलांनी घालून दिलेले दोन नियम या दुकानात तीन पिढ्या चालत होते. पहिला, प्रत्येक गिऱ्हाइकाला कपडे कापडी पिशवीत द्यायचे, पिशवीच्या आतल्या कोपऱ्यात मापवहीतला त्याचा नंबर शाईने घालायचा, आणि पुढच्या फिटिंगला ती पिशवी परत आलीच पाहिजे. दुसरा, माणूस बोलता केल्याशिवाय त्याला टेप लावायची नाही. गप्प माणूस श्वास रोखून धरतो, आणि श्वास रोखलेल्या छातीचं माप खोटं असतं.

थोरल्याला गिऱ्हाइकांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत, नंबर राहत. भर बाजारात तो "काय दोनशे सात, कोट दाटतोय का?" असं ओरडे आणि दोनशे सात नंबर बायकोसमोर पोट आत घेई. तो मापं ओरडून सांगायचा आणि सून वहीत लिहायची. लग्नाआधीही ती इथे मापं लिहायलाच येत असे. चारशे बारा नंबरचं पानही तिच्याच अक्षरातलं होतं. पुलापलीकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा, नोकरीच्या मुलाखतीसाठी कोट आणि पँट. पँट दोन दिवसांत दिली होती, पिशवीत घालून. कोट कच्च्या टाक्यांवर होता. फिटिंग रविवारी.

पोरगा रविवारी आला नाही. शुक्रवारी बस स्थानकात येऊन गेला होता.

पोलिसांना पटांगणात पिशवीचा जळका कोपरा मिळाला. त्यावर नंबर होता. नानांनी वही उघडून पान दाखवलं आणि संध्याकाळपर्यंत पोरगा पकडला गेला. त्यानंतर नानांनी वहीला हात लावला नाही. चारशे बारा नंबरचा कोट मागच्या भिंतीवर हँगरला तसाच लटकत होता, पांढरे कच्चे टाके बाहेर, एक बाही अजून लागलेली नव्हती. त्याला फेकून द्यायला कुणी धजलं नाही, आणि धजावं असं कुणी म्हणालंही नाही.

*

"तो कोटही द्या," जावईबापू आता म्हणाले. चहा येऊन गेला होता आणि बशांत बिस्किटांचा चुरा उरला होता. "समितीचं म्हणणं आहे, मोर्चाच्या शेवटी जाळायचा. प्रतीक म्हणून."

"लोकर आहे त्यात," धाकटा म्हणाला. "पेटणार नाही नीट. नुसता वास येईल."

धाकट्याने थट्टा केली असं कुणाला वाटलं नाही, कारण धाकटा थट्टा करत नसे. तो बत्तीस वर्षांचा होता आणि भावामागे दुकान तोच चालवत होता. हात भावापेक्षा चांगला, पण टेप लावताना तोंडातून शब्द काढत नसे. दहा महिन्यांत त्याने शिवलेला प्रत्येक कोट छातीत आवळत होता. गिऱ्हाइकं दुरुस्तीला परत येत, नाना उसवून देत, आणि धाकटा समजे की सगळं शहर जाडं झालं आहे.

मोर्चात सगळ्यांत पुढे तोच चालणार होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुझं काय म्हणणं आहे रे?" आत्यांनी त्याला विचारलं.

"माझं काय असणार? दादाला ज्यांनी मारलं, ते पुलापलीकडे आरामात झोपतात."

"मारलं एकाने. तो आत आहे. पलीकडे झोपतात ते कोण?"

"त्याला वाढवणारे."

"मग आपण जाळायचं. मग ते इकडे येऊन जाळणार. मग आपण परत जायचं. पुलावर टोल बसवा बापू, एवढी ये-जा व्हायची आहे, कुणाचं तरी भलं होईल."

"आत्या, तू चेष्टा करू नको," धाकटा म्हणाला. "तुझा भाचा गेलाय."

"माझाच गेलाय," आत्या म्हणाल्या. "म्हणून करते. रडून बघितलं, दोन महिने. डोळे सुजून काजं वाकडी यायला लागली."

नानांची मुलगी ताई इतका वेळ नवऱ्याच्या, जावईबापूंच्या शेजारी बसून बोटाभोवती दोरा गुंडाळत होती. ती म्हणाली, "पण वहिनी, समज तो खोटं बोलला तर? नाही तर असं काही बोलला की तुला झोपच येणार नाही?"

"आत्ता तरी कुठे येते, ताई? मी रोज रात्री त्यांच्या तोंडी एक नवीन वाक्य घालते. आतापर्यंत तीनशे झाली असतील. कधी माझं नाव घेतात. कधी ओरडतात. मला त्यातलं खरं एक हवंय. वाईट असलं तरी चालेल, पण एकच."

ताईने दोरा सोडला. मग तिने नवऱ्याच्या खिशातून त्याचं भारी पेन काढलं आणि पातळ कागदावर सही केली. जावईबापूंनी तोंड उघडलं. बावीस वर्षांत बायकोने त्यांच्या खिशातून न विचारता घेतलेली ही पहिलीच वस्तू असावी.

"मी पण करतो," धाकटा म्हणाला. "सोबतही मीच येतो."

त्याने ताईच्या हातातून पेन घेतलं आणि तिच्या सहीखाली सही केली.

"मला त्याचं तोंड बघायचंय जवळून," तो म्हणाला. "रविवारच्या आधी. म्हणजे विसरायला होणार नाही."

जावईबापूंचा चेहरा उजळला. "हे मात्र बरोबर. डोळ्यांत डोळे घालून सांग त्याला."

"छान," आत्या म्हणाल्या. "एक जण ऐकायला चाललीय, एक जण पेटून यायला चाललाय. भाडं तेवढंच."

आता नाना उरले. पेन त्यांच्यासमोर आलं. दोन कागद समोर होते. त्यांनी सोनेरी किनारीचा कागद जवळ ओढला.

सुनेने ते पाहिलं. सासऱ्यांनी सोळा वर्षांत तिला कशालाही नाही म्हटलं नव्हतं. जावईबापूंना अडवणं सोपं होतं, त्यांना फक्त बोलू द्यावं लागे. हे वेगळं होतं.

"नाना, तुम्ही का नको म्हणताय?"

"मी कुठे नको म्हणालो?"

"मग त्याच्यावर करा ना सही."

"काय मिळणार आहे पोरी? एवढं छान नाव झालंय त्याचं. पुतळा होतोय. शाळेतली मुलं फुलं घालतील. कशाला उकरायचं?"

"काय उकरायचं?"

नानांच्या वतीने आत्या बोलल्या; भावाच्या वतीने बोलण्याची त्यांना सत्तर वर्षांची सवय होती.

"मी सांगते. हा नऊ वर्षांच्या पोराला मारत होता, तेव्हा मी तिथे होते. थोरला पिशवी बागेत विसरून आला होता. कुणाची होती?"

"एकोणनव्वद नंबर," नाना म्हणाले.

"एकोणनव्वद नंबर. कानाखाली वाजवलीस आणि म्हणालास, पिशवी गेली म्हणजे गिऱ्हाईक गेलं. परत अंधारात पाठवलंस शोधायला. पोरगा दोन तासांनी पिशवी घेऊन आला आणि तेव्हापासून त्याने दुकानाची एकही पिशवी कुठे पडू दिली नाही. बाजारात, बसमध्ये, लग्नात, कोपरा उलटायचा, नंबर वाचायचा, मालकामागे धावायचा." आत्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तुला भीती ही आहे की त्या दिवशीही त्याने तेच केलं. बॉम्ब ओळखला नाही. पिशवी ओळखली."

जावईबापू म्हणाले, "आत्या, हे बाहेर बोलू नका."

"बाहेर कशाला बोलू? बाहेरच्यांकडे तुमचा लाउडस्पीकर आहे."

नानांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. साठ वर्षं कात्री धरून उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या मनात दहा महिने एकच चित्र होतं: पोरगा वाकतो, बाकाखालून पिशवी ओढतो, कोपरा उलटतो. या चित्राच्या पुढे ते कधी गेले नव्हते. पुतळा उभा राहिला की चित्र पुसेल, असं त्यांना वाटत होतं.

"त्याने नंबर बघितला होता का, एवढं विचारशील?" त्यांनी सुनेला विचारलं.

"विचारीन."

"आणि जे असेल ते सांगशील मला. गोड करून नाही."

"नाही करणार गोड."

नानांनी पातळ कागदावर सही केली. पेन कागदातून आरपार गेलं. मग सोनेरी किनारीचा कागद उचलून त्यांनी टेबलाच्या खणात टाकला. "हे गुरुवारनंतर बघू," ते म्हणाले, आणि उठून चहाच्या बश्या गोळा करू लागले. बैठक संपली. टाळ्या राहूनच गेल्या.

*

भेटीच्या खोलीत एक टेबल होतं, चार खुर्च्या होत्या आणि भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं. कोपऱ्यात भेट घालून देणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी नियम सांगितले. हात टेबलावर ठेवायचे. ओरडायचं नाही. मधेच उठून जायचं असेल तर जाता येईल. शेवटचं ऐकून पोराने दरवाज्याकडे पाहिलं. हा नियम त्याच्यासाठी नव्हता.

सुनेने घरून वाक्यं पाठ करून आणली होती. समोर पोरगा बसला आणि सगळी वाक्यं कुठच्या कुठे गेली. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. हे तिने स्वतः लिहिलं होतं. तो श्वास रोखून बसला होता. सोळा वर्षं अशा माणसाला थोरला जे विचारायचा, तेच तिच्या तोंडून गेलं.

"जेवलास का?"

शेजारी धाकट्याने तिच्याकडे अशी मान वळवली की जणू तिने घर विकलं. तिला स्वतःचाही राग आला. पण पोराने श्वास सोडला.

"हो," तो म्हणाला.

"आमचीच पिशवी का घेतलीस?"

"तुमची पिशवी कुणी तपासत नाही. दारावरचे सगळे ओळखतात."

तीन पिढ्यांनी कमावलेला विश्वास म्हणतात तो हाच. दुकानाच्या पाटीवर घालायला हरकत नव्हती.

"मुलाखत होती ना तुझी?"

"होती. मापं दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. पत्ता विचारला. पुलापलीकडचा म्हटल्यावर म्हणाले, जागा भरली." तो थांबला. "म्हणून केलं असं नाही म्हणत मी. बॉम्बवाले लोक आधीपासून माझ्या मागे होते. त्या दिवशी मी हो म्हणालो, एवढंच."

फोनवर कुणीतरी दोन शब्द जास्त बोललं असतं तर, असा विचार सुनेच्या मनात आला आणि तिने तो परतवला. माणूस मारायला पुरेल एवढं मोठं कारण नसतंच. पण कारण ऐकल्यावर पोरगा राक्षस राहिला नाही, नुसता पोरगा राहिला, आणि त्याचा राग करणं त्यामुळे सोपं न होता जास्त कठीण झालं.

"पुढे सांग. शुक्रवारचं."

"पिशवी बाकाखाली ठेवली. बाहेर आलो. पटांगण ओलांडून फाटकापर्यंत पोचलो होतो. मागून हाक आली."

"काय?"

"'अरे चारशे बारा, पिशवी विसरलास की.'"

सुनेने डोळे मिटले. तीनशे वाक्यांत हे नव्हतं. आणि हेच होतं, दुसरं असूच शकत नव्हतं.

"धावत आले होते. हसत होते. पिशवी अशी हातात होती, पुढे केलेली. मी वळून बघितलं. ते म्हणाले, 'आणि रविवारी फिटिंगला ये. विसरू नकोस.'"

"मग?"

"मी पळालो."

धाकट्याचे हात नियमाप्रमाणे टेबलावर होते, पण मुठी झाल्या होत्या. "टाका ती, एवढं म्हणता आलं नाही तुला? दोन शब्द."

पोराने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"म्हटलं असतं तर पकडला गेलो असतो," तो म्हणाला. "त्या वेळी डोक्यात तेच होतं. नंतर रोज म्हणतो. रोज म्हणतो मी ते."

इथे धाकट्याने उठायला हवं होतं. तो त्याचसाठी आला होता. चेहरा डोळ्यांत भरून घ्यायचा, उठायचं आणि रविवारी पूल ओलांडायचा. पण पोराने समोरची सोपी खोटी वाट सोडून खरं सांगितलं होतं, आणि खरं सांगणाऱ्याकडे पाठ करून उठणं त्याला जमेना. खुर्चीतच बसून त्याने विचारलं, "घरी कोण आहे तुझ्या?"

"आई. बहीण, अकरा वर्षांची. जुनं घर सोडावं लागलं. आता पाण्याच्या टाकीमागे, तिसरं घर. आईला ऐकू कमी येतं, बहीणच दार उघडते."

धाकट्याला पत्ता मिळाला. न मागता, दाराशी कोण येईल त्यासकट. समितीची पोरं हा पत्ता दोन महिने शोधत होती. धाकट्याने मुठी उघडल्या आणि तळहात टेबलावर सपाट ठेवले, अगदी नानांसारखे.

मग त्या पोराशी तो बोलत राहिला. काय बोलला हे सुनेला पुढे नीट आठवेना. तुरुंगात काय काम देतात, हवा कशी आहे, असलंच काहीतरी. बाईंनी वेळ संपल्याचं दोनदा सांगितलं. परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसून रडले, आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने वळून दोघांना एक एक आवळ्याची सुपारी दिली.

*

नाना दुकानात वाट बघत होते. आत्या शेजारी होत्या, हातात सुई, पण सुईत दोरा नव्हता.

"त्यांनी नंबर बघितला होता," सून म्हणाली. "नंबरनेच हाक मारली. पिशवी परत करायला गेले, नाना. बॉम्ब ठाऊक नव्हता. शेवटचं म्हणाले, रविवारी फिटिंगला ये."

नाना खाली बसले. कुणी पुढे गेलं नाही.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"हो," सून म्हणाली. गोड न करण्याचं वचन तिने दिलं होतं. "तुमच्या नियमानेच ते बाहेर गेले. आणि आतली साठ माणसं घरी पोचली, तीही त्याच नियमाने. दोन्ही खरं आहे. मला एकच घेता येत नाही, तुम्हीही घेऊ नका."

आत्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला.

फोन वाजला. जावईबापू होते. धाकट्याने उचलला. "नाही, कोट मिळणार नाही. कच्च्या टाक्यांवरचा कोट दुकानाबाहेर जात नाही... रविवारी? रविवारी मी पुलावर असेन, भाऊजी. मधोमध. तुम्ही या बाजूने या... नाही, पुढे नाही चालणार. आडवा उभा राहणार. ताईही येतेय, तिचा मघाशीच फोन आला होता... खुर्च्या नकोत. उभेच राहू."

त्याने फोन ठेवला. नाना उठले होते. भिंतीवरचा कोट त्यांनी हँगरवरून काढून टेबलावर पसरला होता आणि न लागलेली बाही मुंढ्याला धरून बघत होते. मग त्यांनी खण उघडला आणि सोनेरी किनारीचा कागद काढला. मजकुराची बाजू खाली करून टेबलावर टाकला. जाड, मजबूत कागद होता, बाहीचा नमुना कापायला उत्तम.

"तुरुंगात कोट घालू देतात का?" आत्यांनी विचारलं.

"कोण घालू देतंय?" नाना म्हणाले. "पण फिटिंग सांगितलं होतं थोरल्याने. अर्धवट ठेवायचा नाही." त्यांनी खडू उचलला. "दहा महिन्यांत बदलला असेल पोरगा. छाती किती?"

"दोन इंच कमी झालीय," धाकटा म्हणाला.

नानांनी मान वर केली. "टेप लावलीस?"

"नाही. नजरेनेच घेतलं."

"मग चुकणार. श्वास रोखून बसला असेल."

"नाही, नाना," धाकटा म्हणाला. "बोलत होता."